चौदाव्या फेकीचा निकाल

लास कामेलियास, १२ जून

चि. बाल्तासार यास,

तुझ्या ओनोफ्रे मामाचे आशीर्वाद. सांगतोय मी, लिहितेय तुझी मामी, कारण माझा उजवा हात दुखतो. (डावाही दुखतो, असं काल म्हणाला. – एदेल्मिरा) मी बोलायचा थांबलो तरी हिच्या पेनाची कुरकुर ऐकू येतेय, म्हणजे मध्येमध्ये स्वतःचं काहीतरी घुसडते आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस.

फोन करत नाही, कारण गावात सिग्नल फक्त क्लबाच्या फाटकाशी मिळतो आणि तिथे कायम आठ माणसं कान टवकारून बसलेली असतात. हे पत्र चीजच्या डब्यात घालून बसवाल्या वेन्सेस्लाओकडे देतोय. चीज आधी खा, पत्र नंतर वाच.

काम असं आहे. एकोणीस सप्टेंबरला आपल्या क्लबाची पुलापलीकडच्या क्लबाशी रायुएलाची अंतिम लढत आहे. तू शिकून वाळवंटातल्या वेधशाळेत गेलास तेव्हा खेळही विसरला असशील, म्हणून सांगतो. पेटीत ओला चिखल, चिखलात मधोमध ताणलेली दोरी, चौदा मीटरवरून लोखंडी चकती फेकायची. दोरीला टेकली तर दोन गुण. कुणाचीच टेकली नाही, तर ज्याची जवळ त्याला एक. आणि टेकली की नाही, हे पंच सांगणार. एकतीस वर्षं तो पंच मी आहे. दोन्ही क्लब माझा शब्द झेलतात. झेलायचे.

हल्ली कुरकुर आहे. आपला अध्यक्ष रिगोबेर्तो परवा माझ्या तोंडावर म्हणाला, "ओनोफ्रे, तुझे निकाल जरा नवलाचेच येतात. यंदा पार्रालहून पंच मागवू का?" पार्रालहून! मी जिवंत असताना! पंचाची टोपी माझ्या डोक्यावरून उतरली, तर मी त्या अंगणात पाय ठेवणार नाही, आणि त्या अंगणाशिवाय मला दुसरं जायला ठिकाण नाही.

नाताळात तू म्हणाला होतास, तुझ्याकडे ताऱ्यांची थरथर थांबवणारं यंत्र आहे, डोळ्याचं पातं लवायच्या आत चित्र लख्ख करतं. तसलं एक आम्हाला दे. मला गरज नाही. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून.

तुझा मामा,
ओनोफ्रे

(ता.क. हात ठणठणीत आहे. काल त्याच हातानं त्यानं अर्धा ओंडका फोडला. बाकी तू शहाणा आहेस. – ए.)

•

सेर्रो गाबिलान, २४ जून

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. चीज आमच्या वेधशाळेत अकरा मिनिटं टिकलं. हातासाठी मलम पाठवतोय, मिरचीचं आहे, झोपताना चोळा.

यंत्राचं सांगतो. ताऱ्याचा प्रकाश खाली येताना हवेत हेलकावतो, म्हणून तारा लुकलुकतो. आमचा कॅमेरा सेकंदाला हजार चित्रं घेतो. प्रत्येक चित्रावरून संगणक हिशेब मांडतो की हवेनं प्रकाश कुठे, किती वाकवला, आणि आरसा तेवढाच उलट वाकवतो. पुढचं चित्र येण्याआधी हे सगळं उरकलेलं असतं. उशीर चालतच नाही, कारण तोवर हवा बदलते.

त्यातली हिशेब करणारी एक जुनी गणनापाटी आम्ही बदलली. मोडीत काढलेली ती पाटी साहेबांनी मला लेखी देऊन टाकली आहे. तिला दोन वेगवान कॅमेरे जोडतो. चकती, चिखल आणि दोरी दोन बाजूंनी टिपून यंत्र त्यांचा उंचसखल आकार पडद्यावर उभा करेल आणि अंतर सांगेल. किती वेळात? सेकंदाच्या हजार भागांतल्या दोन भागांत! मामा, इतका चपळ पंच चिलीत आजवर झाला नसेल. (तुम्ही सोडून.)

सोळा जुलैच्या सुट्टीला घेऊन येतो.

तुमचा,
बाल्तासार

•

लास कामेलियास, ३ जुलै

बाल्तासार,

हे पत्र मी एकटीनं लिहितेय. तुझा मामा कोंबड्यांना दाणे घालायला गेलाय. म्हणजे दगडांना दाणे घालतोय आणि कोंबड्या त्याच्या मागे उभ्या आहेत.

अरे गाढवा, मलम कशाला पाठवलंस? खोटं उघडं पडू नये म्हणून त्यानं ते दोन दिवस इमानानं हाताला चोळलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच हातानं डोळा चोळला. त्याची बोंब पुलापलीकडे ऐकू गेली.

स्पष्ट लिहिते, कारण तुला सूचक काही कळत नाही. त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लिनारेसच्या डॉक्टरीणबाईंनी मे महिन्यात शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. मी स्वतः त्याला बसमध्ये बसवलं. पुढच्या थांब्याला उतरून हा कांद्याचं पोतं घेऊन घरी आला, म्हणे कांदे स्वस्त होते. तुझा मामा भित्रा नाही, खवळलेला बैल आवरलेला माणूस आहे. पण एकतीस वर्षं त्यानं लोकांचा नेम केसाकेसानं चुकताना पाहिलाय. त्याच्या मनात एवढंच बसलंय की बाईचा हातही तसाच केसभर चुकेल.

आणि वर तू यंत्र आणणार! यंत्र मिळालं की हा डॉक्टरचं नावही काढायचा नाही. जन्मभर आंधळा राहील आणि पडद्याकडे तोंड करून पंचगिरी करील. तेव्हा यंत्र आणू नकोस. मोडलं म्हणून सांग, चोरीला गेलं म्हणून सांग, पण आणू नकोस.

पत्र चीजच्या तळाशी ठेवलंय.

मामी

•

लास कामेलियास, २० जुलै

चि. बाल्तासार यास,

तू गेलास आणि गाव माझ्या अंगावर सोडून गेलास. (तू इथे होतास तेव्हा मी तीनदा तुझी बाही ओढली. तुला वाटलं मी सूप वाढू का विचारतेय. तीन वाट्या प्यायलास. पत्र वाचलं नव्हतंस का रे? – ए.) ही बघ परत कुरकुरली.

सरावाच्या सामन्याचा वृत्तांत तुला माहीत आहे, पण परिणाम माहीत नाहीत. आपला सामना दुपारी बाराला सुरू होतो आणि दिवस कलताना संपतो. का? एक फेक, मग निकाल, मग निकालावर भांडण, मग एक पेला द्राक्षाची चिचा, मग भांडणाचा निकाल. हाच खेळ आहे! तुझ्या यंत्रानं चकती बसताक्षणी अंतर सांगितलं. भांडायला माणूस तोंड उघडतो तोवर पडद्यावर आकडा आणि तीन बाजूंनी चित्र. अडतीस मिनिटांत सामना संपला. खिम्याच्या एम्पानादा भट्टीत कच्च्या. पाद्री एकला आले ते रिकाम्या अंगणाला आशीर्वाद देऊन गेले. पुलापलीकडचा फाकुंदो तर मला म्हणाला, "ओनोफ्रे, आता घरी जाऊन बायकोशी बोलावं लागणार की काय?"

दुसरं. थरथर काढून टाकायची ती ताऱ्यांची खोड तू यंत्रात तशीच ठेवलीस. चार पेले चिचा ढोसून रिगोबेर्तो उभ्या उभ्या झुलत होता, तो पडद्यावर देवळातल्या पुतळ्यासारखा ताठ दिसला. त्याच्या बायकोला त्या चित्राची मोठी प्रत हवी आहे. तिनं नवऱ्याला असा उभा लग्नातसुद्धा पाहिला नव्हता म्हणे.

तेव्हा यंत्र संथ कर. एका निकालाला वीस मिनिटं तरी लागली पाहिजेत. आणि मध्ये त्यानं थोडं चुकीचं बोलावं, म्हणजे लोकांना वाद घालता येईल.

पण एक गोष्ट मान्य करतो. चौदावी फेक! मी म्हणालो, पडद्यावर पोंचो टाका, आधी माणूस बोलेल. फाकुंदोनं फेकली. मी गुडघे टेकले, बारा मिनिटं चकती न्याहाळली आणि म्हणालो, "टेकली! दोन गुण!" पोंचो काढला, तर यंत्राचाही तोच निकाल. पुलापलीकडच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रिगोबेर्तोला सांगितलं, आता बोलव तुझा पार्रालवाला. त्यानं आणखी एक पेला भरला. माझी टोपी माझ्या डोक्यावर घट्ट आहे.

आज मी फार खुशीत आहे.

ओनोफ्रे मामा

(बाल्तासार, चौदावी फेक पेटीत पडलीच नाही. फाकुंदोची चकती कोंबड्यांच्या पाण्याच्या परातीत गेली. तांबडी कोंबडी दचकून पेटीवरून उडाली आणि तिच्या चोचीतली सोपाइपिया दोरीवर पडली. बारा मिनिटं तुझा मामा त्या तळलेल्या भोपळ्याच्या पुरीला न्याहाळत होता. मी ओळखली, कारण ती मी लाटली होती, माझ्या काट्याची भोकं तिच्यावर होती. आपली माणसं तेव्हा चिचाच्या पिंपाभोवती होती, तूही तिथेच. पुलापलीकडच्या सगळ्यांनी पाहिलं. टाळ्या त्याच्याच. आता नदीच्या त्या काठाला चार दिवस हसू चाललंय आणि इकडे हा खुशीत आहे. मला हसावं की रडावं कळत नाही, दोन्ही करून झालं. तुझ्या यंत्राला काय झालं होतं? – ए.)

•

सेर्रो गाबिलान, २९ जुलै

मामी,

तुझं ३ जुलैचं पत्र आत्ता मिळालं. चीज फ्रीजच्या मागे सरकलं होतं. कुणीतरी वासाचा माग काढत गेलं तेव्हा सापडलं. मी खरंच गाढव आहे.

चौदाव्या फेकीची चित्रं काढून बसलो. सोपाइपियाची सगळी भोकं यंत्रानं मोजली आहेत. नऊ आहेत. प्रत्येकाची खोली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत बिनचूक. काठावरचा तेलाचा ओघळसुद्धा आलाय. सगळं टिपलं, आणि इतकं टिपूनही यंत्र म्हणालं, ही लोखंडी चकती आहे. कारण मी त्याला एवढंच शिकवलं होतं की पेटीत जे गोल पडेल ते चकती. वेग वाढवायच्या नादात मी त्याला विचारायचं शिकवलंच नाही. माझ्या साहेबांना हे कळलं तर मला ताऱ्यांजवळ फिरकू देणार नाहीत.

आता ऐक. खालचा भाग मामांना वाचून दाखव. एक अक्षर गाळू नकोस. भांडी आवाक्याबाहेर ठेव.

मामा, चौदावी फेक सोपाइपिया होती.

मी तुमची थट्टा करत नाही. मामीनं तळलेली, कोंबडीनं पळवलेली. तुम्ही तिला दोन गुण दिलेत आणि माझ्या यंत्रानंही दिले. तुम्हाला दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं आणि कळत नव्हतं. दोघांपैकी जास्त लाज कुणी बाळगायची, तर मी. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी धडधाकट डोळ्यांनी बसून यंत्र बनवलं.

आमच्या इथे तारा अस्पष्ट दिसला तर आम्ही ताऱ्याला दोष देत नाही आणि दुर्बीणही फेकून देत नाही. मधली अडचण काढतो. तुमची नजर जागेवर आहे मामा, तिच्यापुढे फक्त पडदा आलाय. तुम्हाला भीती वाटते, हे मामीनं सांगितलं. मलाही वाटते. तुमचं काही वाईट झालं तर, या विचारानं काल मला जेवण गेलं नाही.

मी माझ्या यंत्राचा डोळा दुरुस्त करतो. तुम्ही तुमचा करा.

बाल्तासार

•

लास कामेलियास, ७ ऑगस्ट

बाल्तासार,

चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. पाचव्या दिवशी कोंबडीशी बोललो. त्या तांबडीला मी कापणार होतो, पण तिला पकडायला ती दिसायला हवी.

मला सोपाइपियाचं दुःख नाही. कुणाच्याही हातून होईल. (कुणाच्याही नाही. – ए.) पण तो सामना आपण एका गुणानं हरलो होतो. म्हणजे मी आपल्या माणसांचा सामना पुलापलीकडच्यांना देऊन टाकला, आणि वर टोपी मिरवत घरी आलो. त्याआधी दोन वर्षांत असं किती वेळा झालं असेल, ते मोजायला बसतो आणि मोजता येत नाही. मी लोकांना खोटं सांगितलं रे. मला वाटायचं, आवाज खणखणीत असला की निकाल खरा ठरतो.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः फाटकाशी जाऊन फोन केला. आठही माणसांनी ऐकलं. ऐकू दे. एकोणीस ऑगस्टला एक डोळा. दुसरा नंतर, पहिला नीट झाला तर.

माझ्या अटी. एक, रिगोबेर्तोला मी स्वतः सांगेन, दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. दोन, यंत्रानंही सोपाइपियाला दोन गुण दिले, हे तू लिहून द्यायचं. ते क्लबाच्या भिंतीवर लागेल. मी एकटा टांगला जाणार नाही. तीन, एकोणीस सप्टेंबरला यंत्रानं माझ्या आधी तोंड उघडायचं नाही.

बाईंचा हात कापतो का, हे आधी कुणाकडून तरी कळव.

मामा

•

लास कामेलियास, २२ ऑगस्ट

बाल्तासार,

झालं. अठरा मिनिटं लागली. बाईंचा हात कापला नाही. बसमध्ये पूर्ण वेळ तुझ्या मामाचा हात कापत होता, तो मी धरून ठेवला होता. या वेळी मी खिडकीच्या बाजूला बसवलं त्याला आणि पाय आडवा घातला.

रिगोबेर्तोला यानं आदल्या दिवशी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दिसत नव्हतं होय! आणि मी दोन वर्षं समजत होतो की तू पुलापलीकडच्यांकडून चिचा घेतोस!" मग दोघं गळ्यात गळे घालून रडले. टोपी राहिली आहे.

पट्टी काढल्यावर यानं आधी भिंत पाहिली, मग खिडकी, मग मला. बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाला, "एदेल्मिरा, तू थकलेली दिसतेस. कधीपासून?" मी म्हटलं, दोन वर्षांपासून. घरी आल्यावर यानं भांडी घासली. निम्मी फुटली, पण घासली.

दुरुस्त केलेलं यंत्र आलं. तुझी कबुली भिंतीवर लागली आहे. शेजारी कुणीतरी सोपाइपिया खिळ्यानं ठोकली आहे.

मामी

•

लास कामेलियास, २० सप्टेंबर

चि. बाल्तासार,

अक्षर माझं आहे. वाकडं आहे, ते पूर्वीही वाकडंच होतं. तुझी मामी समोर बसून विणते आहे. तिला पेन देत नाही.

तुला रात्रपाळीमुळे येता आलं नाही, म्हणून कालचं सविस्तर लिहितो. सामना बाराला सुरू झाला आणि सहाला संपला. फाकुंदोशी तीन भांडणं झाली. एक तर फार उच्च प्रतीचं होतं. प्रत्येक निकाल आधी मी दिला, मग पडदा उघडला. यंत्र एकदाही माझ्याविरुद्ध गेलं नाही. दुपारी मी मुद्दाम त्याच्यापुढे बशी ठेवली. म्हणालं, ही चकती नाही. तुझं काम चोख आहे, हे मी सगळ्यांदेखत बोललो.

शेवटची फेक आपली, रिगोबेर्तोची. आपण एका गुणानं मागे. त्या फेरीत फाकुंदोची आधीच टेकली होती, म्हणजे नुसती जवळ पडून भागणार नव्हतं; दोरीला टेकली तर ढाल आपली. त्यानं टोपी काढली, मदर मेरीचं नाव घेतलं आणि फेकली. चकती चिखलात रुतली. शंभर माणसं पेटीभोवती वाकली.

मी गुडघे टेकले. खरं सांगू, टेकायची गरज नव्हती. मला उभ्यानंच दिसलं होतं. चकती आणि दोरी यांच्यामध्ये फट होती. केसाएवढी. तिच्यातून पलीकडचा चिखल दिसत होता.

तरी मी वीस मिनिटं खाली होतो. आपल्या माणसांना वाटलं, म्हातारा आपल्यासाठी फट बुजवतोय. मी नुसता बघत होतो. दोरीला तीन पीळ आहेत आणि त्यातला एक सुटलाय. चिखलावर रिगोबेर्तोच्या चकतीचे शिंतोडे उडाले होते, तेही मोजले, सात होते. एक मुंगी चालली होती, तिचे पाय दिसत होते. एकतीस वर्षं मी त्या पेटीपुढे वाकलोय आणि असं कधी बघितलंच नव्हतं, कारण दिसत होतं तेव्हा घाई असायची आणि नंतर दिसेनासंच झालं. मला रडू आलं. तोंड बाजूला वळवलं, कारण पाणी पडलं तर चिखल सरकतो आणि फट बदलते.

मग उठलो. एका बाजूला चाळीस वर्षांचे मित्र, दुसऱ्या बाजूला फाकुंदोचं ते थोबाड. माझा शब्द शेवटचा. मी म्हणालो, "टेकली नाही."

रिगोबेर्तो ओरडला, "ओनोफ्रे, आंधळा होतास तेव्हाच बरा होतास!" आणि पडद्याकडे धावला. यंत्रानंही तेच सांगितलं. त्यानं यंत्राला लाथ घातली, यंत्राला काही झालं नाही, त्याचा अंगठा सुजलाय.

आज सकाळपासून क्लबातलं कुणी माझ्याशी बोलत नाही. दूधवाल्यानं दूध फाटकाबाहेरच ठेवलं. मामी म्हणते, पुढच्या आठवड्यात निवळतील. न निवळले तरी चालेल.

हरलो रे बाल्ता. एका केसानं हरलो, आणि तो केस मी पाहिला.

तुझा मामा,
ओनोफ्रे